बाईंची उलटी गिटार

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर चार महिन्यांनी चौदा माणसं मंगळवारी आणि शुक्रवारी गिटार शिकायला येत आणि त्यांतली तीन शेवटपर्यंत टिकत. पहिल्या महिन्यात खुर्च्या कमी पडत. दुसऱ्यात पुरत. तिसऱ्यात लोक पिशवी ठेवायला शेजारची खुर्ची ओढून घेत, आणि चौथ्यात तीन विद्यार्थी, गिटारबाई आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं घडीचं टेबल टेनिसचं टेबल अशी पाचच डोकी उरत. त्यातलं टेबल तेवढं नियमित.

गेलेल्या अकरा जणांबद्दल बाईंचं मत ठरलेलं होतं. "हल्ली लोकांना चिकाटी म्हणून नाही." हा 'हल्ली' त्या गेली एकोणीस वर्षं वापरत होत्या.

बाई वाजवायच्या मात्र अशा, की शेजारच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांना पुठ्ठे चढवणारा बाइंडर खळीचा ब्रश हवेत धरून उभा राहायचा आणि खळ त्याच्या चपलेवर ठिबकायची. वडील वाद्यं दुरुस्त करायचे. बाई रांगत होत्या तेव्हापासून घरात भिंतीभर गिटारी टांगलेल्या. एका मोडक्या गिटारीच्या पेटीत तर त्यांना दुपारी झोपवायचे, असं त्यांची आई सांगायची. चालायला आणि वाजवायला त्या साधारण एकाच सुमारास शिकल्या, आणि दोन्ही गोष्टी आपण कशा शिकलो हे त्यांना सारखंच आठवत नव्हतं.

घोडं पेंड खात होतं ते तिथंच. विद्यार्थ्याने पहिली तार छेडली की बाई म्हणत, "थांब, थांब. असं नाही." दुसरी छेडली की, "थांब. दे इकडे, दाखवते." मग त्या त्याच्या हातातून गिटार काढून घेत, तेल घातलेल्या कुलपात किल्ली फिरावी तशी ती ओळ वाजवत, गिटार परत त्याच्या मांडीवर ठेवत आणि मायेने म्हणत, "एवढंच तर आहे!" माया खरी होती, त्यात खोट नाही. पण ते 'एवढंच' ऐकून माणूस घरी जाई, स्वतःच्या बोटांकडे बघत बसे आणि पुढच्या मंगळवारी त्याला नेमका ताप येई.

बहुतेकांना ताप यायचा तो 'एफ'पाशी. कॉर्ड म्हणजे तीन-चार बोटं निरनिराळ्या तारांवर दाबून एकदम काढायचा आवाज. बाकीच्या कॉर्ड लोक पडत-झडत पार करत. एफला मात्र पहिलं बोट सहाही तारांवर आडवं झोपवावं लागतं आणि उरलेल्या तिघांनी त्याच्यापुढे कसरत करायची. शिकाऊ माणसाचं ते आडवं बोट मध्येच पोक काढतं, आणि आवाज येतो तो लाकडी फळीवर टिचक्या मारल्यासारखा. दर सत्रात एफ यायचा आणि अर्धा वर्ग न्यायचा.

त्या सत्राच्या पहिल्याच दिवशी वाचनालयाचे सचिव वही घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या खंडांना जागा पुरत नाही. समितीचं म्हणणं आहे, ही खोली त्यांना द्यावी."

"आणि आम्ही कुठे जायचं?"

"तेच तर. तुमचे विद्यार्थी टिकत नाहीत. खंडांचं कसं, एकदा ठेवले की हलत नाहीत."

"मग मी काय आता माणसांनाही पुठ्ठे घालून शिवून ठेवू?"

सचिव हसले नाहीत. ते वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या फोटोत हसत. "सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी मी येईन. चौदातले निम्मे दिसले पाहिजेत. सात. आणि नुसते बसलेले नकोत, वाजवणारे हवेत. भरले सात, तर खोली तुमची. नाहीतर..." असं म्हणून त्यांनी पलीकडच्या गठ्ठ्यांकडे गुणी भाच्याकडे बघावं तसं बघितलं.

बाईंनी मनातल्या मनात घर मोजलं. घरी दोन खोल्या. तिथे चौदा गिटारी मावल्या असत्या, पण मग घरच्यांना जिन्यात बसावं लागलं असतं. आणि खरं दुखणं त्याहून आत होतं. खोली गेली तर आपण वाजवणाऱ्या म्हणून राहू, शिकवणाऱ्या म्हणून संपलो, हे त्यांना कळत होतं. चौथ्या महिन्यात सात माणसं त्यांनी एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती.

चौदावं नाव घरातूनच आलं.

वन्सं, म्हणजे बाईंच्या यजमानांची थोरली बहीण, मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना बघून रुग्ण तर सोडाच, डॉक्टरसुद्धा सरळ बसत. निवृत्तीनंतर त्या शिस्तीला कुठे वाव मिळेना, तेव्हा ती रोज सकाळी दहाला भावाच्या घरी यायची. बाईंच्या फडताळातले डबे उंचीप्रमाणे उभे राहिले. टॉवेलांच्या घड्या इस्पितळासारख्या तिहेरी झाल्या. भावाच्या मोज्यांवर आतल्या बाजूने दोऱ्याने आकडे शिवले गेले.

"अगं, मी तुझ्या क्लासला येणार आहे," वन्सं एकदा मिठाच्या बरणीवर 'मीठ' अशी चिठ्ठी चिकटवता चिकटवता म्हणाल्या.

बाईंच्या हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. "अहो वन्सं, पण गिटार..."

"का? मी माणसांना टाके घातलेत. सहा तारांचं ते काय!"

यजमान बस डेपोत मेकॅनिक होते. कोणत्या दोन यंत्रांच्या मध्ये हात घालू नये याचं त्यांना उपजत ज्ञान होतं. तरी त्या दिवशी त्यांनी घातला. "ताई, विचार कर हं. ही शिकवताना वेगळीच असते."

"मीही शिकताना वेगळी असते," वन्सं म्हणाल्या.

हे मात्र सोळा आणे खरं निघालं. वन्सं वर्गात शिरताना घरातलं 'अगं' चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत आणि "बाई, तुम्ही मघाशी सांगितलंत ते पुन्हा सांगा," असं अदबीने दरडावत. बाईंच्या तोंडात मात्र सवयीने 'अहो वन्सं'च येई. तिसऱ्या आठवड्यापर्यंत अख्खा वर्ग त्यांना वन्सं म्हणू लागला. लोखंडी जिने आणि गेटं जोडणारा एक पन्नाशीचा वेल्डर होता, तो एकदा सहज म्हणाला, "वन्सं, जरा खुर्ची सरकवा की." वन्संनी त्याच्याकडे थर्मामीटरकडे बघावं तसं निरखून बघितलं. पण खुर्ची सरकवली.

वाजवणं मात्र सरकेना. आयुष्यात कधी नापास न झालेल्या मेट्रनची बोटं ऐकत नाहीत म्हणजे काय! नाचता येईना अंगण वाकडं, तसं वन्संचं झालं. आधी गिटारीचा दांडा वाकडा निघाला, मग तारा गंजक्या, मग खुर्ची ठेंगणी, मग दिवा मिणमिणता. तक्रारी त्या तोंडी करत नसत. तारीख घालून, सही करून लेखी देत. बाईंच्या पर्समध्ये सहा साठल्या होत्या.

दुसरा महिना संपता संपता एफ आला. चौदाचे नऊ झाले.

वेल्डरची बोटं चटके खाऊन टणक झालेली. तारेचं त्यांना काही वाटत नसे. पण एफ त्याचाही लागेना. बाईंनी नेहमीप्रमाणे त्याची गिटार घेतली, वाजवून दाखवलं आणि म्हणाल्या, "एवढंच तर आहे!"

वेल्डरने गिटार परत घ्यायला हात पुढे केला नाही. अगदी भोळेपणाने विचारलं, "बाई, तुम्हाला हे जमत नव्हतं, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

बाईंनी उत्तर शोधायला गिटारीच्या पोटात डोकावून बघितलं.

"नाही, म्हणजे मी माझा पहिला जोड अजून जपून ठेवलाय," वेल्डर म्हणाला. "मुंग्यांच्या वारुळासारखा दिसतो. कुणाला शिकवायचं झालं की आधी तो काढतो. बघितला की समोरच्याला धीर येतो आणि मला लाज. दोन्ही बरं असतं."

त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या त्या वारूळ डोक्यात घेऊन. वारूळ आणायचं कुठून? त्यांच्याकडे पहिला जोडच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरातली जुनी गिटार काढली, तिच्या सहाही तारा उतरवल्या आणि उलट्या क्रमाने पुन्हा चढवल्या. गिटार उलट्या बाजूला धरली. म्हणजे जन्मभर तारा दाबत आलेला डावा हात आता छेडायला, आणि छेडणारा उजवा दाबायला. सगळ्यात सोपी कॉर्ड सी. तीन बोटं. बाईंनी उजव्या हाताला हुकूम सोडला, तर बोटं फोटोसाठी उभ्या केलेल्या पाहुण्यांसारखी गोंधळली. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी कुणामागे, काही कळेना. डाव्या हाताने धरून एकेकाला जागेवर बसवावं, तर तिसरं बसेपर्यंत पहिलं उठून गेलेलं. अकरा मिनिटांनी सी वाजली. म्हणजे तिच्यातल्या दोन तारा वाजल्या.

यजमान तोंडाला साबण तसाच घेऊन मोरीतून बाहेर आले. "कोण आलंय शिकायला?"

"मीच."

त्यांनी गिटारीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "इंजिनाचा असा आवाज आला असता, तर मी गाडी डेपोबाहेर सोडली नसती," म्हणाले आणि आत गेले.

पण लक्ष त्यांचं होतं. चौथ्या दिवशी बाई जीव गोळा करून एक ओळ वाजवत होत्या. अर्ध्यात बोट घसरलं, तेवढ्यात यजमान दारातून म्हणाले, "थांब, थांब. चुकलं ते."

"चुकलं ते मला कळतंय हो!" बाई कडाडल्या. "मी बहिरी नाही! निदान ओळीच्या टोकाला तरी पोचू द्या!"

आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. एकोणीस वर्षांचे सगळे 'थांब' त्यांच्यासमोर ओळीने उभे राहिले. त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. "असं वाटतं होय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे त्या शिकल्या आणि जे जे सापडेल ते भाजीच्या यादीमागे लिहून ठेवत गेल्या. तार जिवाच्या आकांताने दाबायची नसते. आधी नुसतं टेकवायचं आणि किती कमी दाबलं तरी वाजतं ते शोधायचं. गाण्याच्या मागे लागण्याआधी दोनच कॉर्ड घ्यायच्या आणि एक मिनिट घड्याळ लावून या कॉर्डवरून त्या कॉर्डवर नुसत्या येरझाऱ्या घालायच्या. पहिल्या दिवशी मिनिटात चार झाल्या. पाचव्या दिवशी नऊ, आणि नऊ झाल्या त्या दिवशी बाईंनी यजमानांना उठवून सांगितलं. गिटार पिशवीत बंद ठेवली तर दोन-दोन दिवस हातात येत नाही. बैठकीच्या वाटेत खुर्चीवर ठेवली तर जाता-येता पाच मिनिटं वाजतेच. आणि नीट जमत असतानाच उठायचं. कंटाळून उठलं की दुसऱ्या दिवशी गिटार डोळे वटारते.

सगळ्यात मोठा शोध शेपटाचा. शिकाऊंसाठी बाईंनी चार ओळींची एक चाल बांधली होती, 'जिना' नावाची. दर सत्रात लोक तिची पहिली ओळ झोकात वाजवत, दुसरी बरी, तिसरीत एफ आला की धाप लागे आणि चौथी बिचारी कायम कच्ची. हत्ती जायचा आणि शेपूट राहायचं. बाईंनी उलट्या हाताने शेपटालाच आधी धरलं. चौथी ओळ पहिल्यांदा, ती पक्की झाल्यावर तिसरी आणि चौथी, मग दुसरीपासून. आणि गंमत अशी, की वाजवताना दरवेळी त्या अनोळखी गल्लीतून ओळखीच्या रस्त्यावर येत होत्या. पुढे घर आहे हे माहीत असलं की पाय अडखळले तरी थांबत नाहीत.

हे सगळं वर्गात सांगायचं कसं, हा मात्र प्रश्न होता. एकोणीस वर्षांची अब्रू होती. बाई वर्गात अजून सुलट्या हाताने वाजवत, यादी पर्समध्ये ठेवत आणि 'थांब' गिळायचा प्रयत्न करत. तो तिसऱ्यांदा तरी निसटायचाच.

तीन आठवडे सरले त्या शुक्रवारी आठ जण उरले होते, आणि आठवं माणूस जायच्या बेतात होतं. वन्सं दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता. हा कागद तक्रारीचा नाही, रजा घेण्याचा आहे, हे बाईंनी ओळखलं. वन्संचा एफ लागत नव्हता आणि वन्संना न लागणाऱ्या गोष्टी परवडत नव्हत्या.

बाई उशिरा आल्या होत्या, घाईत होत्या. यजमानांनी दारात हातात दिलेली पिशवी त्यांनी उघडली, गिटार मांडीवर घेतली आणि जोरात छेडली. भांड्यांचं कपाट पडावं तसा आवाज झाला.

दोन्ही गिटारींच्या पिशव्या काळ्या, दोन्हींच्या चेनी तुटक्या. यजमानांनी उलटी दिली होती.

"बाई, तारा उलट्या लागल्यात," बेकरीवाली म्हणाली. ती पहाटे चारला उठून पाव भाजायची आणि संध्याकाळी साडेपाचला सगळ्यांत ताजी असायची.

बाईंचा हात सवयीने वेल्डरच्या गिटारीकडे गेला. 'दे इकडे' ओठांवर आलं होतं. मग त्यांनी वन्संच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, हात मागे घेतला आणि गिटार उलटी फिरवली.

"लागल्या नाहीत, मी लावल्यात," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे झाले, मी शिकतेय. उलट्या हाताने. जमत नव्हतं तेव्हा मी काय करायचे ते मला आठवत नव्हतं, म्हणून आता नव्याने बघतेय. बघा, हसायचं तर हसा."

आणि त्यांनी सी वाजवली. मधली तार घोंघावली. वर्गात दोन कॉलेजच्या मैत्रिणी होत्या, त्या आरशात भांग पाडतानाही हसत. त्याही हसायचं विसरल्या.

वेल्डर पुढे झुकला. "बाई, बोट दांड्यावरच्या पितळी पट्टीच्या अजून जवळ घ्या. तुम्हीच सांगता की."

बाईंनी बोट सरकवलं. तार स्वच्छ बोलली. "वा, बाई!" प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी सवयीने म्हणाले आणि लाजले. मग खोलीत असा काही हशा झाला, की बाइंडर ब्रश घेऊन बघायला आला.

"एफ! एफ दाखवा!" मैत्रिणी ओरडल्या.

बाईंनी आडवं बोट झोपवलं. फळी. पुन्हा. फळीच.

"मनगट!"

आवाज दाराजवळून आला. वन्सं उभ्या राहिल्या होत्या.

"मनगट बाहेर काढा, बाई! आणि अंगठा मागे, मधोमध. हे काय, कुणी नाडी बघायला असा हात धरतं का?" त्या तरातरा आल्या आणि त्यांनी बाईंचं मनगट सराईतपणे पकडलं. "आणि श्वास कशाला रोखलाय? सोडा. दुखतंय कुठे?"

"बोटाच्या कडेला."

"दुखणारच. पंधरा मिनिटं झाली की उठायचं. फोड आला तर आठवडा वाया जातो."

"पण वन्सं," बाई खरंच अडल्या होत्या, "अंगठा मधोमध म्हणजे नेमका कुठे? मला कळत नाही. तुम्ही दाखवा ना."

"एवढंही..." म्हणत वन्संनी शेजारची गिटार ओढली, अंगठा मागे मधोमध ठेवला, मनगट बाहेर काढलं, आडवं बोट झोपवलं आणि समजावण्याच्या भरात छेडलं. सहातल्या चार तारा वाजल्या.

वन्संनी गिटारीकडे बघितलं. पुन्हा छेडलं. पुन्हा चार.

"वन्सं, तुमचा कागद पडलाय," एक मैत्रीण म्हणाली.

"तो तक्रारीचा आहे," वन्सं गिटारीवरची नजर न काढता म्हणाल्या. "मागे घेतली."

त्या दिवसापासून वर्गाची पहिली दहा मिनिटं बाईंची शिकवणी सुरू झाली. बाई उलट्या हाताने वाजवणार आणि वर्ग चुका काढणार. अट एकच: काय ऐकू आलं ते आधी सांगायचं, मग करून दाखवायचं. दुसऱ्याची चूक दाखवायची म्हणजे आपल्याला ती ऐकू यायला हवी, आणि करून दाखवायचं म्हणजे घरी बसून वाजवायला हवं. वन्संना तर चूक काढण्याची संधी सोडणं जिवावर यायचं. त्या घरी घड्याळ लावून येरझाऱ्या घालू लागल्या. सकाळी दहाला भावाकडे येत त्या गिटार घेऊन, आणि फडताळातले डबे हळूहळू आपापल्या मनाप्रमाणे उभे राहिले. एका खोलीत सुलटा एफ, दुसऱ्या खोलीत उलटा. यजमानांनी डेपोत सकाळची पाळी मागून घेतली.

उरलेल्या तासात बाई हात मांडीखाली घालून बसू लागल्या. कुणाची गिटार घ्यायची नाही. ओळ पुरी होऊ द्यायची आणि मग विचारायचं, "कसं वाटलं? कुठं अडलं?" दहांतल्या आठ वेळा विद्यार्थ्याला स्वतःलाच ठाऊक असायचं. तोंडून 'थांब' गेला की बाईंनी एकदा उलटा एफ वाजवायचा, हा दंड मैत्रिणींनी बसवला. पहिल्या दिवशी सव्वीस एफ झाले. बाईंचा एफ सगळ्यांच्या आधी सुधारला तो त्यामुळे.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस चष्म्यांच्या दुकानातल्या तरुणाची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली झाली. तो रडवेला होऊन निरोप घ्यायला आला. उरले सात: वेल्डर, बेकरीवाली, गुरुजी, दोन मैत्रिणी, कधी न बोलणारे एक नकाशे काढणारे गृहस्थ, आणि वन्सं. काठोकाठ सात. एकाला साधी सर्दी झाली असती तरी खोली गेली असती, म्हणून वन्संनी सगळ्यांच्या प्रकृती ताब्यात घेतल्या. वर्गात शिरताना घसा दाखवावा लागे. शेवटच्या आठवड्यात वेल्डर बोटाला चटका घेऊन आला, तेव्हा वन्संनी पट्टी बांधली आणि बजावलं, "गुरुवारपर्यंत तारेला हात लावायचा नाही. डोळे मिटून बसायचं आणि मनात वाजवायचं. बोटं न हलवता. मनात चुकलं तरी मला सांगायचं." गुरुवारी त्याने पट्टी सोडून वाजवलं, तर पहिल्यापेक्षा बरं.

शेवटच्या शुक्रवारी सचिव वही घेऊन आले आणि टेबल टेनिसच्या टेबलाशेजारी बसले. एकेकाने 'जिना' वाजवायचा होता. बेकरीवालीने वाजवला, सचिवांनी खूण केली. गुरुजींनी वाजवला, खूण. मैत्रिणी एकापाठोपाठ हसत हसत पार झाल्या. नकाशेवाल्यांनी वाजवला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा बोलले, "जमलं." वेल्डरचा एफ तर असा खणखणला, की सचिवांनी खूण करताना मान हलवली. सहा झाले.

वन्संनी साडीचा पदर खोचला, मनगट बाहेर काढलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरीत एफ आला आणि बोट घसरलं. फळी.

वन्सं थांबल्या.

बाई मांडीखालच्या हातांवर जोर देऊन बसल्या. त्यांच्या सगळ्या अंगाला वाटत होतं, उठावं, ती गिटार घ्यावी आणि ओढून न्यावं एकदाचं. थांबलेल्या माणसाला 'थांब' म्हणायचीही सोय नव्हती. वेल्डर खोकला. मैत्रिणींनी एकमेकींचा हात धरला. वन्संच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला, आणि तो पुसायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता. सचिवांनी हळूच घड्याळाकडे बघितलं.

"घड्याळ काय बघता?" वन्सं मान वर न करता म्हणाल्या. "पेशंट टेबलावर आहे."

मग त्यांनी श्वास सोडला आणि थेट चौथी ओळ वाजवली. शेपूट जागेवर होतं. मग तिसरीचा शेवटचा तुकडा आणि चौथी. मग एफ, पहिल्यांदा नुसता टेकवून, कमी दाबून. चार तारा. पुन्हा. पाच. मग तिसरी ओळ पुरी आणि तिच्यातून सरळ चौथीत. सचिवांचं पेन उघडं तसंच राहिलं होतं. वन्संनी गिटार मांडीवर नीट केली आणि जिना पहिल्या पायरीपासून चढल्या, चारही ओळी, एफसकट, कुठेही न थांबता.

खोलीत टाळ्या झाल्या त्या बाइंडरने ऐकल्या, तरी तो आला नाही; तो आधीच दारात उभा होता. बाई उठल्या आणि त्यांनी वन्संच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या पदराने पुसला.

"सात," सचिव म्हणाले आणि वही मिटली. "ठीक आहे. खोली राहिली तुमची."

"कुठली? ही?" वन्संनी गिटार खाली ठेवली, भिंतीला हात लावून बघितला, बोटं एकमेकांवर चोळली. "ही दमट आहे. लाकूड फुगतं. समोरची उन्हाची खोली शुक्रवारी रिकामी असते ना?"

"छे छे, तिथे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी समितीची बैठक असते."

"समितीत किती जण?"

"अकरा."

"येतात किती?"

सचिवांनी टेबल टेनिसच्या टेबलाकडे मदतीसाठी बघितलं. "चार... कधी कधी पाच."

"निम्मेसुद्धा नाहीत," वन्सं म्हणाल्या. "आणि वाजवणारे त्यांतले किती?"

सचिवांच्या मिशीखाली काहीतरी हललं. वार्षिक सभेला अजून पाच महिने होते. त्यांनी वही काखेत मारली, जवळची खुर्ची उचलली आणि समोरच्या खोलीकडे चालू लागले. मागून वेल्डरने चार खुर्च्या एकात एक घालून उचलल्या, नकाशेवाल्यांनी दार धरलं, आणि बाइंडर खळीच्या हाताने मदत करतो म्हणाला, तर त्याला वन्संनी आधी हात धुऊन यायला सांगितलं.

बाई मधोमध उभ्या होत्या, दोन्ही हातांत दोन गिटारी, एक सुलटी, एक उलटी.

"बाई, बघत काय उभ्या राहिलात?" वन्सं दारातून ओरडल्या. "चला, उन्हं जातायत!"